जाहिरातीतला आवाज

१

"हा तो माणूस नव्हे," बाबा म्हणाले.

हे त्यांनी कधी म्हणावं? तर वाचक जिना उतरून, फाटकाला कडी घालून, कोपऱ्यावरून दिसेनासा झाल्यावर. त्याआधी तासभर बाबा आपल्या खुर्चीत बसून निमूटपणे ऐकत होते, मधूनमधून मान हलवत होते, आणि निरोप देताना त्याला "छान वाचता हं तुम्ही" असंसुद्धा म्हणाले होते. माझ्या सासरी तोंडावर खरं बोलायची पद्धतच नाही. एकदा गळका नळ बदलायला आलेल्या प्लंबरने गळका तसाच ठेवून शेजारचा चांगला नळ काढला, तर माझ्या नवऱ्याने त्याला सरबत दिलं, फाटकापर्यंत सोडायला गेला, आणि मग आत येऊन डोक्याला हात लावून बसला.

"कोण तो माणूस नव्हे?" नवऱ्याने विचारलं.

"जाहिरातीतला. हा तोतया आहे."

प्रकरण असं होतं. माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धूसर डाग पडला आहे. कडेकडेचं दिसतं, म्हणून जिना चढतात, चहा करतात, दाढी करतात. पण अक्षर दिसत नाही. वाचनाचं व्यसन असलेल्या माणसाला ही शिक्षाच. म्हणून नवऱ्याने घरपोच सेवा पुरवणारी एक संस्था शोधली. वाचून दाखवणाऱ्यांच्या जाहिराती मोबाइलवर होत्या, आणि प्रत्येकासोबत आवाजाचा छोटा नमुना. बाबांनी एकेक ऐकला, नाक मुरडलं, आणि एका नमुन्यापाशी हात वर केला. "हा. मला हाच पाहिजे." तो भरदार, मोकळा आवाज होता. एका जहाजाच्या कप्तानाच्या प्रवासाचा उतारा होता, आणि तो ऐकताना मीसुद्धा हातातली भांडी खाली ठेवली होती.

आता त्याच जाहिरातीतला माणूस येऊन गेला होता. फोटो तोच, नाव तेच. आणि बाबा म्हणत होते, आवाज तो नव्हे.

नवऱ्याने मोबाइल काढून नमुना पुन्हा लावला. "हे बघा बाबा, अगदी तस्साच आहे."

"तुला तस्सा वाटत असेल. मी सगळं आयुष्य बस आगारात काढलंय. बॉनेट न उघडता गाडीचं दुखणं सांगायचो. मोबाइलातला पोटापासून बोलतो. आज आलेला घशातल्या घशात बोलत होता. दोन वेगळी इंजिनं आहेत ती."

नवऱ्याने मोबाइल खिशात घातला. बोलला तो खाली आल्यावर. "बघितलंस? परवा चहात मीठ. त्याआधी नळ चालू राहिला. तुला आत्याच्या नावाने हाक मारली. आणि आता हे. बस्स. रविवारी वरच्या खोल्यांना कुलूप. बाबा खाली, मागच्या खोलीत."

मागच्या खोलीची खिडकी उघडली की समोर शेजाऱ्यांची भिंत दिसते. वरच्या खोल्यांत बाबांचं कामाचं टेबल आहे, हत्यारं आहेत, सासूबाईंच्या हातच्या कुंड्या आहेत. मी तोंड उघडणार इतक्यात जिन्यावरून आवाज आला.

"रविवारी?" बाबा तिथे उभे होते. "बरं."

एवढंच म्हणाले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या 'बरं'नंतर मी सरळ फोन उचलून आत्याला बोलावून घेतलं.

२

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. निवृत्त होईपर्यंत ती एका मोठ्या स्टेशनावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर होती. लोक येऊन आपली छत्री, पिशवी, चष्मा यांचं वर्णन करायचे, आणि हा मालक खरा की उपटसुंभ, हे आत्या ठरवायची. नोकरी सुटली पण खोड सुटली नाही. कुणी साधा निरोप सांगायला गेलं तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "वर्णन सांगा."

ती आली ती पिशवी खाली न ठेवताच जाहिरातीतला नमुना ऐकायला बसली. एकदा ऐकला, डोळे मिटून पुन्हा ऐकला.

"वाक्य संपलं की काय वाजतंय हे?"

मी कान दिला. खरंच, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'ठक्' होतं, आणि त्याच्या पाठोपाठ बारीकसं 'फुस्स'.

"मोबाइलची खरखर असेल," नवरा म्हणाला.

"खरखर अशी पूर्णविराम बघून येत नाही, बाळ्या." माझ्या टक्कल पडलेल्या नवऱ्याला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली आहे. मग ती माझ्याकडे वळली. "सूनबाई, तो माणूस घरात आला तेव्हापासूनचं सांग. तुला जे फालतू वाटतंय ते आधी."

मी सांगत गेले. माणूस पन्नाशीचा, सडसडीत. शर्ट साधाच, पण घडी अशी की कागद कापावा. दारात आल्याबरोबर आमच्या पडद्याची दुमडलेली कड त्याने सहज सरळ केली. बाबांच्या खोलीत गेल्यावर म्हणाला, "नको, मी उभाच बरा आहे." आम्ही कसले ऐकतो! वाचक येणार म्हणून नवऱ्याने आमच्या दिवाणखान्यातला पाहुण्यांचा सोफा खास वर चढवला होता. "छे छे, असं कसं, बसा ना." तो पुन्हा म्हणाला, "खरंच, उभा असलो तरी..." तोवर मी पाठीला उशीसुद्धा लावली होती.

"तो सोफा म्हणजे ज्यात बसलं की गुडघे कानाशी येतात तो?"

"तोच. मग चहा दिला, बिस्किटं दिली. त्याने पुस्तक मांडीवर घेतलं आणि वाचायला लागला. शब्द स्वच्छ होते, आत्या. पण खरं सांगू? मलाही डुलकी आली. मोबाइलवर ऐकताना नव्हती आली."

"हात?"

"कसले हात?"

"वाचताना त्याचे हात काय करत होते?"

मी आठवलं. "उजवा हात पुस्तकाच्या पानावरून सारखा फिरत होता. पुढे, मागे. घाबरला असेल बिचारा."

आत्याने हुंकार भरला. वर जाऊन ती बाबांपाशी बसली. बाबा रुसलेल्या मुलासारखे खिडकीकडे तोंड करून होते. "दादा, तुझी खात्री आहे?"

"तू पण आलीस का माझी परीक्षा घ्यायला?"

"मी तुझी बाजू घ्यायला नाही आले नि बाळ्याचीही नाही. वस्तू कुणाची ते बघायला आलेय. खात्री आहे?"

"आहे," बाबा म्हणाले. मग आवाज उतरला. "होती. आता रात्रंदिवस हेच डोक्यात. मी खरंच चुकत असेन तर? डोळे गेले ते मी चालवून घेतलं, पण कान गेले तर माझ्यापाशी राहिलं काय?"

ते ऐकून मी कुंड्यांना पाणी घालायला निघून गेले. पाणी घातलेलंच होतं.

३

संस्थेच्या बाईंना फोन आत्यानेच लावला. मी आणि नवरा कान लावून शेजारी.

"आम्ही माणूस बदलत नाही हो," बाई म्हणाल्या. "ज्यांची जाहिरात तेच येतात. का? तक्रार आहे का? तक्रार असेल तर सांगा, मी त्यांची जाहिरात आजच्या आज काढून टाकते. आमचं नाव खराब व्हायला नको."

नवऱ्याने जोरजोरात मान हलवली. तक्रार! आमच्या घरात? त्याच्या चेहऱ्यावर संकोचाने घाम आला.

"तक्रार नाही, चौकशी आहे," आत्या म्हणाली. "आवाजाचा नमुना कुणी घेतला?"

"त्यांनी स्वतःच पाठवला. आधी एक घरी केलेला पाठवला होता, तो इतका मरगळलेला, की मी म्हटलं जमणार नाही. मग दुसऱ्या दिवशी हा पाठवला. म्हणाले, कामाच्या जागी केला. मी तर चाटच पडले."

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे ठरलं तर! घरी स्वतः वाचलं, ते जमलं नाही. मग कामावरच्या कुणा भारदस्त आवाजाच्या दोस्ताला पुढे केलं. बाबा बरोबर होते. तोतयाच!

"काम कसलं करतात ते?" आत्याने विचारलं.

"ते आम्ही विचारत नाही. दिवसा कुठेतरी कामाला जातात, एवढं माहीत. वाचायचा रोजचा सराव आहे म्हणाले." "पण तुमच्या साहेबांनी बजावलं होतं ते पाळतात ना ते? मी अगदी निक्षून सांगितलंय त्यांना."

"कुठल्या साहेबांनी? काय बजावलं होतं?"

"अहो, तुमच्याच घरच्या. त्यांनी मला वेगळा फोन केला होता. आजोबांना सांगू नका म्हणाले."

आत्याने सावकाश मान वळवली. माझा नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. आमच्याकडचं कॅलेंडर मागच्या वर्षीचं आहे.

४

"मी वाईट हेतूने नाही केलं," नवरा म्हणाला. "मी एवढंच सांगितलं की वडील आता थकलेत, मोठ्या आवाजाचा त्रास होईल, तर जरा हळू, सांभाळून वाचा. आजाऱ्यापाशी बोलतात तसं."

"मी आजारी आहे हे तू मला कधी सांगणार होतास?" बाबा जिन्यावरून म्हणाले. त्यांच्या कानांबद्दल मला तरी तेव्हा काही शंका उरली नाही.

नवरा कानकोंडा झाला. मला वाटलं, सुटलं कोडं. पण आत्या हातचं राखून बोलणारी.

"हे अर्धं झालं. हळू वाचलं तर आवाज लहान होतो. दादा म्हणतोय आवाज दुसऱ्याचाच आहे. लहान नळ आणि दुसरा नळ यांत फरक असतो."

नळाचा विषय निघाल्यावर नवरा आणखीच गप्प झाला.

शुक्रवारी वाचक पुन्हा आला. आत्याने त्याला काहीएक विचारलं नाही. कोपऱ्यात बसून ती विणत राहिली. वाचक दारात घुटमळला, म्हणाला, "आज मी उभाच..." पण नवऱ्याने त्याला हाताला धरून सोफ्यात बसवलंच. चहा, बिस्किटं, उशी. कप्तानाचं जहाज वादळात सापडलं होतं, पण ऐकताना वाटत होतं, जहाज तळ्यात उभं आहे. बाबांची हनुवटी छातीला टेकली. वाचकाच्या कपाळावर आठ्या होत्या. त्यालाही कळत होतं. तास संपला तेव्हा बाबा म्हणाले, "छान," आणि वाचकाने मान खाली घातली.

मी ओल्या चादरींची टोपली घेऊन गच्चीकडे निघाले होते. वाचक बाहेर पडत होता. मला बघताच तो दोन पायऱ्या उतरलेला परत वर आला.

"द्या इकडे ताई, ओल्या चादरी फार जड होतात." माझ्या हातातली टोपली त्याने खांद्यावर चढवली सुद्धा, आणि बाबांच्या बंद दारावरून जिना चढता चढता टोपलीत नजर टाकून म्हणाला, "अशा बोळा करून नाही ठेवायच्या! दोघांनी दोन टोकं धरायची, एकदा जोरात झटकायच्या, मग वाळत घालायच्या. निम्म्या सुरकुत्या तिथेच जातात!"

जिना दुमदुमला. आणि दाराआडून बाबा ओरडले:

"हाच! हाच तो! सूनबाई, पकड त्याला! जाहिरातीतला माणूस जिन्यात आहे!"

दार धाडकन उघडलं. जिन्यात मी होते, आणि टोपली खांद्यावर घेतलेला आमचा वाचक. दुसरं कुणी नव्हतं. वाचक गोरामोरा झाला, टोपली गच्चीच्या दाराशी ठेवली, पुटपुटत निरोप घेतला आणि गेला.

नवरा खालून धावत आला होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो चिडला नाही, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं. तो माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "तासभर समोर बसलेल्याला म्हणाले, हा तो नव्हे. दार लावून त्याच माणसाला ऐकलं, तर म्हणाले, हाच तो. आता तरी पटलं तुला?"

बाबा आपल्या उंबऱ्यावर चौकट धरून उभे होते. "पण मी ऐकलं," ते स्वतःशीच म्हणाले. "मी ऐकलं ना."

५

आत्या मला गच्चीवर सापडली. ती चादरींच्या टोपलीशेजारी बसून खुशाल हसत होती.

"आत्या, इथे बाबांचं घर जायची वेळ आलीय आणि तुम्ही हसताय?"

"तो टोपली घेऊन नेमकं काय म्हणाला, शब्दन् शब्द सांग." मी सांगितलं. तिने एका चादरीचं टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि झटकली. "वा! खरंच सुरकुत्या गेल्या. सूनबाई, तुला एक गोष्ट सांगते. माझ्या खिडकीवर एक गृहस्थ आले. छत्री हरवली म्हणाले. वर्णन विचारलं, तर म्हणाले, काळी, बारीक, काठीसारखी. माझ्याकडे त्या दिवशी काळी छत्री एकच, पण ती ही अवाढव्य. घुमटच. मी म्हटलं, तुमची नाही. ते बिचारे सभ्य, 'बरं' म्हणून निघून गेले. संध्याकाळी मी खिडकी बंद करताना ती छत्री मिटली. काळी, बारीक, काठीसारखी."

"म्हणजे?"

"म्हणजे भिजलेली आली म्हणून मीच ती उघडून वाळत ठेवली होती. माझ्याच चांगुलपणाने ती ओळखू येईनाशी झाली. दुसऱ्या दिवशी शोधून त्यांच्या घरी नेऊन दिली." तिने चादर दोरीवर टाकली. "वाचकाला रविवारी सकाळी बोलाव. विशेष म्हणून सांग. आणि बाळ्याला म्हणावं, तो सोफा आधी खाली आण."

"आणि मग?"

"मग मी त्याची क्षमा मागून एक प्रश्न विचारणार आहे."

यापलीकडे ताकास तूर लागू देईल तर ती आत्या कसली. मी रात्री अंथरुणात सगळं पुन्हा मनात घोळवलं. पडद्याची कड, पानावरून फिरणारा हात, ते 'ठक्' आणि 'फुस्स'. वाचकहो, मला जे माहीत होतं ते सगळं मी तुम्हालाही सांगितलं आहे. मला झोप लागली ती कोडं न सुटताच. तुमचं तुम्ही बघा.

६

रविवारी सकाळी नवऱ्याच्या खिशात कुलूप होतं. त्याने ते दाखवलं नाही, पण खिसा लोंबत होता.

बाबांच्या खोलीतून सोफा गेला होता. कामाच्या टेबलावरची हत्यारं आत्याने बाजूला सारून त्यावर जाड कांबळं अंथरलं होतं. टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्याच्या जबड्यात कप्तानाचं पुस्तक उघडं धरून ठेवलं होतं, उभ्याने वाचता येईल असं. शेजारी माझ्या धुतलेल्या चादरींचा ढीग. आणि माझी इस्त्री.

"आत्या!" नवरा कळवळला. "आलेल्या माणसाला इस्त्री करायला लावणार? लोक काय म्हणतील?"

"लोक रस्त्यावर आहेत. इथे आपणच आहोत."

वाचक आला. आज त्याचा चेहरा काहीतरी ठरवून आल्यासारखा होता. त्याने खोलीत न बघताच बोलायला सुरुवात केली. "काका, आज तुम्ही बोलावलंत ते बरं झालं. मला एक सांगायचंच होतं..."

"आधी माझं," आत्या म्हणाली. "मला क्षमा मागायची आहे, म्हणून आधी माझं. तुम्ही जाहिरातीसाठी वाचलंत तेव्हा बसलेले नव्हता. उभे होता. तुमच्या हातात वाफेची मोठी इस्त्री होती, आणि वाक्य संपलं की ती तुम्ही टेकवून ठेवत होता. चुकत असेन तर सांगा."

वाचकाने टेबलाकडे पाहिलं, पुस्तकाकडे, चादरींकडे, आणि त्याचे कान लाल झाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. 'ठक्' म्हणजे इस्त्री टेकली, 'फुस्स' म्हणजे वाफ सुटली. तुम्ही पडदा बघून सरळ केलात, कारण सुरकुती तुम्हाला बघवत नाही. सोफ्यात बसून वाचताना तुमचा हात पानावर इस्त्री फिरवत होता. तुम्ही घरी बसून नमुना केलात तो मरगळलेला झाला, कामावर केलात तो झकास. सूनबाईला नि बाळ्याला वाटलं तुम्ही दुसऱ्याचा आवाज उसना आणला. पण शुक्रवारी तुम्ही उभे होता, खांद्यावर ओझं होतं, मनात चादरी होत्या, हळू बोलायचं विसरला होता. आणि माझ्या भावाने बंद दारातून ओळखलं. माणूस एकच होता. आम्हीच त्याला सोफ्यात घालून, उशी लावून, हळू वाच सांगून दुसरा करून टाकला."

वाचकाने हाताने चेहरा पुसला आणि एकदम हसला. त्याचं हसणं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. "मी मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला आहे. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी येतात. आमच्या इस्त्रीच्या खोलीत सगळे उभेच. यंत्रांची घरघर. एकदा कंटाळा घालवायला मी पुस्तक समोर टेकवून मोठ्याने वाचलं, तर सगळे म्हणाले, उद्या पण. तेव्हापासून रोज वाचतो. बसून वाचायची सवयच नाही हो. बसलो की श्वास कुठे ठेवावा कळत नाही."

"मग सांगितलं का नाहीत, भल्या माणसा?" बाबांनी विचारलं.

"कसं सांगणार? तुम्ही माझ्यासाठी सोफा वर आणलात. बिस्किटं दिलीत. त्यावर मी म्हणू, मला बसवू नका, इस्त्री द्या?"

"मी तुम्हाला छान वाचता म्हणालो."

"हो काका. आणि ज्या आवाजात म्हणालात, त्यावरून कळलं की आवडलं नाही. आज मी काम सोडतो म्हणून सांगायलाच आलो होतो."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "आधी ते वादळ वाचा. नीट. मग सोडायचं काय ते बघू."

मी इस्त्रीचं बटण चालू केलं. वाचकाने बाह्या वर केल्या, पाय रोवून उभा राहिला, चादर पसरली. इस्त्रीचा पहिला हात फिरवला आणि वाचायला लागला. काय सांगू! शिडं फाटली, डोलकाठी करकरली, कप्तान सुकाणूला बांधून घेऊन ओरडला. ठक्. खिडकीची तावदानं वाजत होती. बाबांनी आपला कान त्याच्याकडे केला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मला इतका आनंद झाला की माझी चादर थोडी करपली तरी मी बोलले नाही.

वादळ ओसरल्यावर बाबा म्हणाले, "एकच इंजिन. जागेवर थांबलेल्या गाडीचा आवाज मी चढावरच्या गाडीशी ताडून बघत बसलो. आगारातला नवशिकाही असं करत नाही."

"तू दोन्ही वेळा बरोबर ऐकलंस, दादा," आत्या म्हणाली. "तो नव्हता तेव्हा नव्हता म्हणालास, आणि होता तेव्हा होता म्हणालास. कान गेलेत ते बाकीच्यांचे."

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो दारात उभा होता, हात खिशात, कुलपावर. तो वळून खाली निघून गेला.

७

आता वाचक मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. शिष्टाचाराचा एक पेच उरला होता, तोही आत्यानेच सोडवला. तिचं म्हणणं, वाचायला बोलावलेल्याकडून आपल्या चादरी इस्त्री करून घेणं बरं दिसत नाही. तेव्हा तो स्वतःच्या घरचे कपडे घेऊन येतो. कप्तान विषुववृत्त ओलांडेपर्यंत त्याच्या बायकोची सगळी कपाटं कडक घडीची झाली आहेत, आणि ती आमच्यावर बेहद्द खूश आहे. वीज आमची जाते, ते मी तोंडावर बोलत नाही. शेवटी मीही याच घरातली.

चहात मीठ बाबा अजूनही कधीकधी घालतात. मी दोन बरण्यांचे आकार वेगळे केले, आणि नळ आवाज करेल असा बसवून घेतला.

पहिल्याच मंगळवारी नवरा कामावरून लवकर आला. वर वाचन चाललं होतं. तो जिन्यावर बसून राहिला. मी खालून बघत होते. वाचक पान उलटायला थांबला तेव्हा बाबांनी हाक मारली.

"बाळ्या, जिन्यात का बसलास? ये आत."

नवरा दारात जाऊन उभा राहिला. "बाबा, त्या दिवशी मी कुलूप लावायचं म्हणालो..."

"ऐकलं होतं मी. तो तुझा आवाज नव्हता."

"माझाच होता, बाबा." "घाबरलो होतो हो. आईच्या आजारपणात मला काही कळलंच नाही, सगळं उशिरा कळलं. या वेळी उशीर नको म्हणून..."

बाबांनी कान त्याच्याकडे वळवला. मग म्हणाले, "चढावर होतास. मला ओळखता यायला हवं होतं. पुढच्या वेळी तोंडावर सांग, म्हणजे बरं."

"सांगेन."

"मग ये. बसायला मात्र काही नाही इथे."

नवरा आत गेला आणि टेबलापाशी उभा राहिला. वाचकाने ढिगातून आपल्या घरची एक मोठी चादर उचलली, वाचता वाचताच तिचं दुसरं टोक नवऱ्याच्या हातात दिलं, आणि दोघांनी मिळून ती झटकली.